माळवदाचं घर

लागणी पाहायला वस्त्यांवर फिरताना स्लॅबच्या घरामागं जुनं माळवद हमखास दिसतं. सोलापूर, धाराशिव, लातूर या कमी पावसाच्या मुलखातलं हे अस्सल शेतकऱ्याचं घर. दगडाच्या जाड भिंती, सागवानी खांब, त्यावर तुळया, फळ्या, पाला आणि सगळ्यांत वर पांढरीची माती. धुराला अन् उजेडाला छतात साणं. वैशाखातही आत गारवा. पत्र्याच्या घरात बसून बघा म्हणजे फरक कळेल!

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात हीच घरं माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. नुसत्या मातीला दोष देऊन चालणार नाही. छत गळू नये म्हणून लोक वर्षानुवर्षे नवी माती टाकत गेले, जुनी कुणी उतरवली नाही. ओझं वाढतच गेलं. भिंती दोन पदरी, मध्ये चिखल-कपच्या; दोन्ही पदर सांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच पदर सुटले. छताचा भार खांबांवर होता अशी काही घरं मात्र तगली.

तेव्हा मृगाआधी नवी माती टाकायची तर आधी जुनी खरवडून काढा. पन्हाळी मोकळ्या ठेवा. जुन्या भिंतीतही आरपार भोक पाडून सळई-काँक्रीटचा सांधा भरता येतो; जाणता गवंडी बघा, एका वेळी एकच भोक घ्या. भिंतीला पोट आलं असेल, तर दुरुस्तीपर्यंत त्या खोलीत कुणी निजू नये.