टाकाऊ डब्यांतील फुलबाग

शाळेच्या अंगणात फुलझाडे असावीत हे कोणासही मान्य होईल. अडचण येते ती कुंड्यांच्या किमतीची. परंतु कुंडी म्हणजे माती धरून ठेवणारे व जादा पाणी सोडून देणारे भांडे, एवढेच. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, गळकी बादली, फुटका माठ, नारळाची करवंटी यांपैकी काही ना काही प्रत्येक घरी पडलेले असते.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नये. आपला जिल्हा सोयाबीन व कापूस पिकविणारा. तेव्हा मुले हौसेने आणतील त्यांत कीटकनाशकाचा डबा निघण्याचा संभव असतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. असा डबा कितीही धुतला तरी वर्ज्यच. मुलांना हे आधीच बजावावे. तरीही आला, तर शिक्षकाने तो स्वतः बाजूस काढून पालकांच्या हवाली करावा.

दुसरी गोष्ट मातीची. आपली काळी माती शेतात सोने. डब्यात मात्र ओली असता चिकटून बसते, आणि वाळली की आक्रसून कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी फटीतून निघून जाते व मुळे कोरडीच राहतात. म्हणून काळी माती, नाल्याची वाळू व कुजलेले शेणखत समभाग मिसळावे. डब्याच्या बुडाला खिळ्याने चार-पाच भोके पाडून त्यांवर खापऱ्या ठेवाव्यात. धारदार कडा शिक्षकानेच हातोडीने आत वळवाव्यात. खाली ताटली ठेवू नये. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात.

जूनच्या उत्तरार्धात शाळा उघडते, पाऊसही त्याच सुमारास येतो. जुलैत लावलेला झेंडू दसऱ्याच्या सुमारास फुलतो. सदाफुलीस पाणी थोडे पुरते. चिनी गुलाब तर करवंटीतही तगतो. शालेय पोषण आहाराचे तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांस चालते.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. पत्रा तापून मुळे होरपळतात. डब्यास ओले पोते गुंडाळून तो सावलीत ठेवावा. सुटीत शाळेत पाणी घालणारे कोणी नसते व बहुतेक बागा तेव्हाच मरतात. याकरिता शेवटच्या दिवशी एकेक डबा एकेका मुलाच्या घरी द्यावा. जूनमध्ये काही परत येतील. जे एखाद्या ओट्यावर फुलत राहिले असतील, ते मागू नयेत.