पसंतीक्रम भरण्याआधी

सप्टेंबर १९७९. कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार हे दिल्ली विद्यापीठातले. वसुधा धागमवार पुण्याच्या. विषय होता देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या बलात्काराचा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असावी, अशा विचाराने त्यांना सोडून दिलं. भीतीपोटी गप्प राहणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हे चौघांनी सर्वोच्च न्यायालयाला कायद्याच्याच भाषेत सांगितलं. देशभरातल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही. पीडितेची ओळख उघड करू नये, ही तरतूदही त्याच बदलातून आली.

हे पत्र आठवण्याचं कारण म्हणजे सीईटीचा निकाल लागला की घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. ‘मुलीला वकील व्हायचंय, पण कंपन्यांसाठी नाही, लोकांसाठी. कुठलं कॉलेज बघावं?’ उत्तर बहुतेक वेळा क्रमवारीतून येतं. पहिल्या पाचांत मिळालं तर उत्तम, नाहीतर पुढचं. ती क्रमवारी काही अंशी खरीही असते. पण कॅम्पसवर कोणत्या कंपन्या येतात आणि किती पगार देतात, यावरून एखादं महाविद्यालय लोकांचा वकील घडवतं का, हे कळत नाही. त्यासाठी तिथे शिकवणारी माणसं वर्गाबाहेर काय करतात, ते बघावं लागतं.

लोकांची वकिली म्हटलं की आपल्यासमोर जनहित याचिका येते. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस खटला (१९८५) किंवा पोलीस कोठडीतल्या स्त्रियांच्या हालाबद्दल शीला बर्से यांनी लिहिलेल्या पत्रावरचा १९८३ चा निकाल. ही शिखरं झाली. रोजचं काम पायथ्याशी चालतं. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नसल्याने आत राहिलेला कैदी, कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जावर तारखांमागून तारखा घेणारी बाई, वनहक्काचा दावा फेटाळला गेलेलं पाड्यावरचं कुटुंब, अपघातात हात गमावलेला बिगारी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतले ७५ टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते. वकिलाची वाट बघणारे अशील कमी नाहीत.

आता पैशाबद्दल, कारण घरात हाच विषय शेवटी आणि दबक्या आवाजात निघतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पाच वर्षं काढायची तर खर्च लाखांत जातो. समजा, १२ लाखांचं शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण १५,८०० रुपये बसतो. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवोदित वकिलांना ग्रामीण भागात दरमहा किमान १५ हजार आणि शहरात २० हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. तीही शिफारसच, सक्ती नाही. म्हणजे तालुक्याच्या कोर्टात ज्युनिअर म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलीची सगळी कमाई हप्त्यालाही पुरणार नाही. मनातून तिला आदिवासींचे दावे लढवायचे असतील, पण बँक तिला कॉर्पोरेट फर्मच्या दाराशी नेऊन सोडेल. यात तिचा दोष काहीच नाही. अमेरिकेत हार्वर्डने १९७८ पासून, कमी पगाराची लोकसेवा पत्करणाऱ्या पदवीधरांचं कर्ज फेडायला मदत करण्याची योजना चालवली आहे. आपल्याकडे ती पद्धत रुळलेली नाही, म्हणून हिशेब आधीच मांडायला हवा. माझं स्पष्ट मत असं की, या वाटेने जाणाऱ्याने मोठं कर्ज काढून नावाजलेलं विद्यापीठ गाठण्यापेक्षा कमी शुल्काचं चांगलं महाविद्यालय निवडावं. शिष्यवृत्ती मिळत असेल तर गोष्ट वेगळी. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘इडिया’ हा उपक्रम वंचित घरांतल्या मुलांना अशा विद्यापीठांपर्यंत पोहोचवतो आणि पुढेही साथ देतो. त्याची चौकशी अकरावी-बारावीतच करावी.

मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य झाले. आजही तिथलं शुल्क सामान्य घराला झेपणारं आहे, वर्ग सकाळी भरतात आणि उच्च न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दुपारी एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये बसून कागद वाचणारा विद्यार्थी तिथे पाच वर्षांत जे शिकेल, ते हिरव्यागार निवासी संकुलात मिळणं अवघड. मात्र ज्याला स्वतःहून चपला झिजवायच्या नाहीत, त्याला अशा महाविद्यालयातून पदवीपलीकडे फारसं काही हाती लागणार नाही.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं बळ वेगळं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या शिक्षेवर अहवाल काढला. त्यासाठी विद्यार्थी देशभरातल्या तुरुंगांत आणि कैद्यांच्या घरी गेले, ३७३ कैद्यांची माहिती गोळा झाली आणि त्यांतले बहुतेक गरीब घरचे असल्याचं पुराव्यानिशी मांडलं गेलं. विशीतल्या मुलांना असं काम करायला मिळणं फार मोठं आहे. पण ते घडलं, कारण तो प्रकल्प हाती घेणारे अध्यापक तिथे होते. पुन्हा आपण त्या चार प्राध्यापकांपाशीच येतो.

माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे महाविद्यालयाचं विधी सेवा केंद्र. वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली असं केंद्र चालवणं बंधनकारक आहे. कागदावर ते सगळीकडे आहेच. अनेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच उरतो: वर्षातून एकदा जवळच्या गावात शिबिर, मागे बॅनर, पुढे पाहुणे, मध्ये ‘महिलांचे कायदेविषयक हक्क’ या विषयावर तासभर भाषण आणि शेवटी छायाचित्र. बाईचं रेशनकार्ड सासरच्यांनी अडवून ठेवलंय, ते सोडवायला त्यानंतर कोणी गेलं का, हे कुणी विचारत नाही. याउलट मिरामारच्या व्ही. एम. साळगावकर विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी गोव्यातल्या गावांमध्ये विधी सेवा केंद्रं चालवतात. समोर खरा माणूस बसतो, त्याचे कागद अर्धवट असतात, तो निम्मं लपवतो, निम्मं विसरतो. त्याच्याकडून गोष्ट नीट काढून घेणं आणि तिचा अर्ज करणं ही विद्या मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यात, शिकता येत नाही. तिथे वस्तुस्थिती छापूनच मिळते.

भाषेचंही तसंच. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, पण जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. जबाब मराठीत, पंचनामा मराठीत, फेरफार आणि सातबारा मराठीत. गडचिरोलीत अशील माडिया-गोंडीत बोलेल आणि नंदुरबारला भिलीत. उत्तम इंग्रजीत युक्तिवाद करणारा विद्यार्थी पंचनाम्यातली एक ओळ वाचताना अडखळला, तर अशिलाचा जामीन अडतो. मराठीतून शाळा केलेल्या ज्या मुलांना पहिल्या वर्षी न्यूनगंड येतो, त्यांना मला हेच सांगावंसं वाटतं. इंग्रजी मेहनतीने येईल, यायलाच हवी. तुमच्याकडे आधीच असलेलं भांडवल मात्र गमावू नका.

पदवीनंतरची वाटही पूर्वीइतकी अंधारी राहिलेली नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (‘नाल्सा’) २०२२ च्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं उघडली आहेत. तिथले वकील गरीब आरोपींचे खटले पूर्णवेळ, दरमहा मानधनावर चालवतात आणि सहायक म्हणून नवख्यांनाही घेतलं जातं. सनदेचा खर्चही कमी झाला. नोंदणीसाठी काही राज्यांत ४० हजारांपलीकडे रक्कम घेतली जाई. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याने ठरलेली मर्यादा पाळायला लावली: खुल्या वर्गासाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये.

इंटर्नशिपबद्दल एकच सांगतो. नियमानुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे करावी लागते. यातला एक महिना तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या फौजदारी वकिलाकडे काढा. तिथलं काम झेपतं का, आवडतं का, हे त्या महिन्यात कळेल. नाही आवडलं तरी उमेदीची दहा वर्षं वाचतील.

पालकांना एक विनंती आहे. पसंतीक्रम भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला घेऊन त्या महाविद्यालयात जा, तेही समारंभाचा दिवस सोडून एखाद्या साध्या मंगळवारी. विधी सेवा केंद्र कुठल्या खोलीत आहे ते विचारा. खोलीला कुलूप आहे की नाही ते बघा. उघडी असेल तर अर्जांची नोंदवही मागा, शेवटची नोंद कधीची आहे ते वाचा आणि त्या अर्जाचं पुढे काय झालं, हे तिथल्या विद्यार्थ्याला विचारा.