साष्टीच्या मोकळ्या जागेने घडवलेली नवले

चित्रपट, प्राणी, शोध आणि रोजच्या वापरातील वस्तू यांविषयीची नवलाची माहिती वाचकांना नेहमीच आवडत आली आहे. मात्र ही माहिती बहुधा दूरदेशीची असते, आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील रहिवाशांच्या बाबतीत तर काखेत कळसा आणि गावाला वळसा असाच प्रकार घडतो. मतपेटी, बिस्किटाचा पुडा, बोलपट, बिबट्या आणि रोहित पक्षी या वरकरणी एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टींच्या नवलकथा मुंबईच्या उपनगरांतच घडल्या असून, त्या सर्वांच्या मुळाशी एकच कारण आढळते. मुंबई शहराला जे आपल्या चिंचोळ्या बेटावर सामावून घेता आले नाही, ते त्याने साष्टीत नेले, आणि तेथील मोकळ्या जागेत त्यातून कोणाच्याही ध्यानीमनी नसलेल्या गोष्टी निपजल्या.

साष्टी म्हणजे माहीमच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेले, भातशेती, टेकड्या आणि कोळीवाड्यांचे मोठे बेट. आजची बहुतेक उपनगरे याच बेटावर वसलेली असली, तरी मुलुंड आणि दहिसरपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला तो १९५७ मध्ये. शहराशी त्याचे नाते त्याआधीच रेल्वेने जोडले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली. या लोहमार्गाची कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली, अशी नोंद रेल्वेच्या इतिहासात आहे.

वाढत्या शहराला सर्वांत आधी निकड भासली ती पाण्याची. विहार तलाव १८६० मध्ये बांधून पूर्ण झाला आणि त्याचे पाणी नळांतून शहरात पोहोचले; त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी तलाव तयार झाला. ज्या उतारांवरचे पावसाचे पाणी वाहत येऊन तलावात साठते, त्या प्रदेशाला पाणलोट क्षेत्र म्हणतात, आणि पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे यासाठी हे क्षेत्र वस्तीपासून मुक्त ठेवावे लागते. नळाच्या पाण्यासाठी घेतलेल्या या काळजीमुळे डोंगरउतारांवरचे रान टिकून राहिले, आणि आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान महानगराच्या मधोमध उभे आहे.

या उद्यानात आणि लगतच्या आरेच्या परिसरात २०१५ मध्ये झालेल्या गणनेत ३५ बिबटे आढळले. ही गणना पाऊलखुणांवरून न करता स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केली गेली. रानातल्या पायवाटांच्या दोन्ही बाजूंना असे कॅमेरे बसवले जातात आणि समोरून प्राणी गेला की ते आपोआप छायाचित्र टिपतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते, इतकेच नव्हे तर एकाच बिबट्याच्या उजव्या आणि डाव्या कुशीवरील ठिपकेही सारखे नसतात, म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे जुळवून त्याची ओळख पटवावी लागते. एवढ्या लहान जंगलात इतके बिबटे जगतात, याचे एक मोठे कारण जंगलाच्या कडेला आहे: उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि ती बिबट्यांना सहज मिळणारे भक्ष्य ठरतात. त्यामुळे वस्तीतला कचरा वेळेवर उचलला जाणे हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही, तर बिबट्याला वस्तीपासून दूर ठेवण्याचा तो सर्वांत साधा उपाय ठरतो. याउलट, दिसलेला बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्यास धोका कमी होण्याऐवजी वाढतो, कारण बिबट्या आपला ठरलेला प्रदेश राखून राहणारा प्राणी असून, अनोळखी ठिकाणी सोडल्यास तो भक्ष्याच्या आणि परतीच्या वाटेच्या शोधात भटकत माणसांच्या अधिक जवळ येतो, असे अभ्यासकांचे निरीक्षण आहे. येथील वारली आदिवासींनी मात्र वाघोबाला देव मानून या प्राण्याशेजारी राहण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

बिबट्यांच्या या प्रदेशाच्या सीमेवर, मालाडमध्ये, १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी बॉम्बे टॉकीज ही चित्रसंस्था उभारली. बोलपटांच्या त्या आरंभीच्या काळात संवाद आणि अनेकदा गाणीही चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत असत, त्यामुळे रस्त्यावरचा भोंगा किंवा फेरीवाल्याची आरोळी सरळ चित्रपटात उतरण्याची भीती असे. शांतता आणि ऐसपैस जागा या दोन्ही गोष्टी मालाडला मिळत होत्या. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग हे दोघेही जर्मन होते, आणि हिंदी भाषेवर प्रभुत्व नसतानाही ऑस्टेन यांनी १९३६ मध्ये 'अछूत कन्या' हा अस्पृश्यतेवरील चित्रपट दिग्दर्शित केला. त्याचे नायक अशोककुमार हे याच संस्थेच्या रसायनशाळेत, म्हणजे चित्रफिती धुण्याच्या विभागात काम करत असताना पडद्यावर आणले गेले होते. १९३९ मध्ये महायुद्धाला तोंड फुटताच ब्रिटिश सरकारने येथील जर्मन तंत्रज्ञांना स्थानबद्ध केले. तरीही त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भारतीय मंडळींनी काम पुढे चालवले, आणि याच संस्थेचा १९४३ मधील 'किस्मत' कोलकात्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

मालाडला जशी शांतता होती, तशी विक्रोळीला कारखान्यासाठी लागणारी विस्तीर्ण जमीन होती. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला ऑक्टोबर १९५१ मध्ये प्रारंभ झाला, तेव्हा सतरा कोटींहून अधिक मतदारांपैकी बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत न ठेवता प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवले जाई, आणि मतदार आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाकत असे. अर्थातच एकेका मतदान केंद्रावर उमेदवार तितक्या पेट्या लागत. यांपैकी बारा लाखांहून अधिक पोलादी पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. पाच रुपयांच्या आसपास किंमत ठरलेल्या पेटीला बाहेरून कुलूप लावणे परवडणारे नव्हते. तेव्हा कारखान्यातील कारागीर नाथालाल पांचाळ यांच्या कल्पनेतून पेटीच्या आतच बसणारे कुलूप तयार झाले. अशा कुलपामुळे वेगळ्या कुलपाचा खर्च तर वाचलाच, पण बाहेरून ते फोडण्याची सोयही उरली नाही. त्याच विक्रोळीत पुढे अग्निबाणांची 'विकास' नावाची इंजिने बनू लागली, आणि इस्रोच्या चांद्रयान मोहिमांनाही तेथील कामाचा हातभार लागला.

रोजच्या खाण्यापिण्यातही साष्टीचा असाच वाटा आहे. विलेपार्ले येथे १९२९ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात आधी गोळ्या-चॉकलेटे आणि पुढच्या दशकात ग्लुकोज बिस्किटे बनू लागली, आणि या उपनगराचे नाव पुड्यावर छापले जाऊन, मुंबई कधीही न पाहिलेल्या माणसांच्या चहाबरोबर खेडोपाडी पोहोचले. तो मूळ कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, नाव मात्र घरोघरी राहिले. गोरेगावजवळच्या आरे दुग्ध वसाहतीचे मूळ शहरातील तबेल्यांत आहे. दाट वस्तीतल्या म्हशींमुळे अस्वच्छता पसरत होती आणि भेसळीचे दूधही सर्रास विकले जात होते, म्हणून १९४९ पासून हजारो म्हशी आरेच्या मोकळ्या माळावर हलवण्यात आल्या. म्हशी खासगी मालकांच्या आणि गोठे, चारा, पाणी सरकारचे, अशी ही व्यवस्था होती.

पूर्वेकडे, मुलुंड-भांडुपच्या खाडीकिनारी, दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत मुक्काम करतात. रोहिताचे पिल्लू राखाडी रंगाचे असते. प्रौढ पक्ष्याचा गुलाबी रंग त्याच्या अन्नातील कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांतून येतो, आणि गाजराचा केशरी रंगही याच गटातील द्रव्याचा असतो. 'लहान रोहित' या जातीचा पक्षी मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतो, जिभेच्या झपाट्याने पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून नीलहरित शैवाल गाळून घेतो. ठाणे खाडीत शहराच्या सांडपाण्याबरोबर पोषकद्रव्ये येतात, त्यांवर शैवाल वाढते आणि खारफुटीने राखलेल्या चिखलात रोहितांची पंगत बसते. सांडपाणी प्रमाणाबाहेर वाढले तर हीच खाडी त्यांच्यासाठी घातक ठरेल, म्हणून हा समतोल नाजूक आहे. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला.

सर्वच मोकळ्या जागांचे नशीब इतके चांगले नव्हते. अंधेरीतील सुमारे ६१ मीटर उंचीची गिल्बर्ट टेकडी सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनली. तो रस थिजताना आकुंचन पावला आणि त्याला पडलेल्या भेगांमुळे खडकाचे उभे, बहुकोनी स्तंभ तयार झाले. असे स्तंभ जगात मोजक्याच ठिकाणी इतक्या ठळकपणे दिसतात. १९५२ मध्ये टेकडीला संरक्षण जाहीर झाले, तरी भोवतीचा खडक बांधकामासाठी फोडला जात राहिला. महापालिकेच्या वारसा यादीत ती २००७ मध्ये आली, तेव्हा इमारतींनी वेढलेला एक सुळका तेवढा उरला होता.

या सर्व उदाहरणांतून ध्यानात येते ते असे की, विहार तलाव बांधणाऱ्यांनी बिबट्यांचा विचार केला नव्हता, मालाडची जागा निवडणाऱ्यांना आपल्या रसायनशाळेतून नायक मिळेल याची कल्पना नव्हती, आणि खाडीत सांडपाणी सोडणाऱ्यांनी रोहितांना निमंत्रण दिले नव्हते. एका कामासाठी राखलेल्या किंवा नुसत्याच सुटलेल्या जागेने दुसरेच काही देऊन टाकले, आणि ते देणे आधी कोणत्याही हिशेबात मांडता आले नसते. म्हणूनच आरेचा माळ, मुलुंडची खारफुटी किंवा बोरिवलीचे रान यांची किंमत आजच्या चौरस फुटांच्या दराने ठरवणे चुकीचे आहे. आज शिल्लक असलेल्या मोकळ्या जागा टिकल्या, तरच पुढच्या पिढ्यांना आपल्या उपनगरांविषयी नवलाने सांगावे असे काही नवे सापडेल.