जाळ्यातले मासे आणि रिंगणातलं दुःख

मुलांना सिनेमा दाखवला, की परतीच्या रिक्षातच आपण विचारतो, "मग, काय शिकलास?" इसापनीतीच्या गोष्टीखाली छापलेल्या तात्पर्याची ही जुनी सवय. पोरगंही 'मोठ्यांचं ऐकावं' असं काहीतरी ठोकून देतं आणि सुटतं. चांगल्या ॲनिमेशनपटात मात्र असं ओळीत मावणारं तात्पर्य क्वचितच असतं, आणि असलं तरी बरेचदा ते शेजारी बसलेल्या आईबापांना जास्त लागू पडतं.

पिक्सारचा 'फाइंडिंग नीमो' (२००३) घ्या. बॅराकुडाच्या हल्ल्यात मार्लिन या माशाची बायको आणि शेकडो अंडी जातात. वाचलेल्या एकुलत्या एका अंड्यातून आलेल्या नीमोचा एक पर लहान. बाप त्याला डोळ्यांआड होऊ देत नाही. चिडून दूर पोहत गेलेला नीमो पाणबुड्याच्या हाती लागतो. इथे थांबलो तर 'मोठ्यांचं ऐकावं' हेच बरोबर! पण शेवटाकडे, नीमोच्या शोधात मार्लिनला साथ देणारी डोरी मच्छीमारांच्या जाळ्यात सापडते आणि तिला सोडवायला नीमोला त्या जाळ्यात शिरायचं असतं. नुकतंच हाती लागलेलं लेकरू पुन्हा संकटात घालायचं? मार्लिन घुटमळतो, आणि जाऊ देतो. सगळे मासे एकदम खाली जोर लावतात आणि जाळं सुटतं.

दूरदर्शनवर वाढलेल्यांना हे जाळं ओळखीचं वाटेल. विजया मुळे यांनी १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या 'एक अनेक और एकता' या लघुपटात पाखरं असंच जाळं घेऊन उडतात आणि पुढे उंदीर ते कुरतडतात. चित्रं भीमसेन यांची. तिथे एकीचा धडा ताई समजावून सांगते. नीमोच्या गोष्टीत तो बापाची परीक्षा घेऊन येतो.

पण माझ्या मते या सगळ्यांत वरचढ पीट डॉक्टर यांचा 'इनसाइड आउट' (२०१५). अकरा वर्षांची रायली मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते. तिच्या डोक्यातला कारभार आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस चालवतात. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी आनंद खडूने एक रिंगण आखते आणि दुःखाला बजावते, याच्या बाहेर यायचं नाही. आपण घरोघरी हेच करतो की! 'रडू नको, रडणारी मुलं शहाणी नसतात.'

मग बिंग बाँगचा प्रसंग येतो. हा रायलीचा लहानपणीचा काल्पनिक सवंगडी. त्याची लाडकी गाडी कचऱ्यात ढकलली जाते आणि तो मटकन खाली बसतो. आनंद गुदगुल्या करते, तोंडं वेडीवाकडी करते, खेळ काढते. तो हलत नाही. दुःख नुसती शेजारी बसते. तुझ्या आवडीचं गेलं, एवढं कबूल करते आणि ऐकत राहते. तो रडतो, मोकळा होतो आणि आपणच उठून वाट दाखवू लागतो. आधीच्या आराखड्यात आनंदाबरोबर प्रवासाला भीती होती. डॉक्टर यांनी बऱ्याच कामानंतर ती बदलून दुःखाला आणलं. तो बदल झाला नसता, तर हा प्रसंगच नसता.

दुसऱ्या भागात (२०२४) रायली तेरा वर्षांची होते आणि चिंता नावाची नवी पाहुणी सगळा ताबा घेते. दहावीचं मूल असलेल्या घरांना तिची ओळख करून द्यायला नको. शेवटी तिला कुणी हाकलत नाही. तिला आरामखुर्ची मिळते, चहा मिळतो आणि काळजी करायला एक खरीखुरी गोष्ट मिळते: स्पॅनिशची परीक्षा.