बासचा ब्रिज कोणाकडून करून घ्यावा?

बास गिटारसाठी धातूचा ब्रिज खास करून घ्यायचा असेल, तर संगीत जाणणाऱ्यापेक्षा ड्रॉइंग मागणारा कारागीर शोधावा. चार तारांचा मिळून ताण 70 ते 80 किलोच्या घरात असतो. तारांमधले अंतर साधारण 19 मिलिमीटर. ते चुकले तर तारा पिकअपच्या चुंबकांवरून सरकतात. सुराची चूक त्या मानाने खपते. 864 मिलिमीटरच्या तारेवर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो भाग) 1 मिलिमीटर हलले, तर बाराव्या फ्रेटवरचा सूर जेमतेम 2 सेंट (म्हणजे अर्ध्या सुराचे दोन शतांश) ढळतो आणि स्क्रू फिरवून सुधारता येतो. चुकीच्या जागी पडलेले छिद्र कसे सुधारणार? म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, बास कधीही न ऐकलेला लेथवालाही हे काम चोख करील. फक्त मापे आणि प्रत्येक मापात किती फरक चालेल, हे कागदावर हवे. जुना ब्रिज नमुना म्हणून देणे हा आपला लाडका मार्ग, पण त्यात नमुन्याची झीजही हुबेहूब उतरते.

वादक म्हणतील, पितळेचा आवाजच वेगळा. पितळ अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे आणि जड ब्रिज तारेची ऊर्जा कमी शोषतो, हे खरेच. पण लाकडावर घट्ट बसवलेला साध्या पत्र्याचा ब्रिजही तारेपुढे पुष्कळ जड असतो. काही सूर लवकर विझतात, त्याचे कारण बहुधा गिटारच्या मानेच्या कंपनात सापडते. शिवाय एका नगाच्या बिलात धातूपेक्षा मशीन लावण्याचा वेळच मोठा असतो, त्यामुळे दुसरा नग त्याच वेळी करून घेणे स्वस्त पडते.