कर्ज फिटत नाही? त्याचाही वकील असतो

म्हसवडच्या बाजारात हातउसने, बचतगट, फायनान्सचा हप्ता हे शब्द रोज ऐकतो आपण. नादारीचा अर्ज मात्र कुणी काढत नाही. लाज आड येते.

कायदा १९२० चा आहे. देणं ५०० रुपयांच्या वर आणि फेडायची ऐपत नाही, तर जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्याला साताऱ्याला, अर्ज करता येतो. मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते; पण शेतीची अवजारं, कारागिराची हत्यारं, गरजेपुरती भांडी-कपडे राहतात. शेवटी कोर्ट मुक्त करतं. फसवून घेतलेला पैसा आणि सरकारी देणं मात्र सुटत नाही. २०१६ ची नवी संहिता साध्या कर्जदाराला अजून लागू झालेली नाही.

या कामाचा वेगळा वकील तालुक्याला क्वचितच भेटेल. दिवाणी वकीलच आधी वही उघडून देणी वेगळी करतो. सावकार बिनपरवाना असेल तर २०१४ च्या कायद्याने जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार होते. गेल्या १५ वर्षांत त्याने व्याजापोटी लिहून घेतलेली जमीनही परत मिळू शकते. आमच्या मते खरं काम इथेच आहे.

मुलामुलींनी बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करावं, मग सनद. बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि जकातीच्या आठ हकदारांत कर्जदारही आहे, हे जमातीच्या बैठकीत एकदा निघू द्या.