पिसवांची कॉलर खरंच ८ महिने चालते का?

एपिसोडमधलं बोलणं थोडं नीट करून इथे टाकतोय. मध्ये गुंड्या भुंकलाय, तेवढं कापलंय.

जानेवारीत मी गुंड्याच्या गळ्यात पिसवांची कॉलर घातली. पाकिटावर ‘८ महिने’ होतं, म्हणून फोनमध्ये सप्टेंबरचा रिमाइंडर लावला आणि विसरून गेलो. जूनच्या शेवटी तो रात्रभर शेपटीच्या मुळाशी चावत बसायला लागला. कातडी सोलून निघाली. आईच्या पायांवरही लाल पुरळ. ती म्हणाली, "कुत्रा गॅलरीत झोपेल, नाहीतर मी गावाला जाते."

कॉलर बनावट असणार, असं मी ठरवूनच टाकलं. मग माहितीपत्रक वाचलं. हे जानेवारीत करायला हवं होतं!

सेरेस्टोचं उदाहरण घ्या. तिच्यात १०% इमिडाक्लोप्रिड आणि ४.५% फ्लुमेथ्रिन असतं. प्लास्टिकसारख्या पट्ट्यातून औषध हळूहळू बाहेर येतं आणि कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं. पिसू चावण्याआधीच, नुसत्या स्पर्शाने मरते. पण त्यासाठी पट्टा कातडीला टेकायला हवा. खाली दोन बोटं जातील, एवढाच सैल. आणि शॅम्पू काय करतो? तोच तेलकट थर धुऊन टाकतो. महिन्यातून एकदा शॅम्पू किंवा पोहणं असेल, तर पिसवांवरचा परिणाम पाचव्या महिन्यापासून कमी होत जातो. गोचिडांवर तो जास्त टिकतो. म्हणजे पट्टा एकच, मुदती दोन. आणि मी? दर रविवारी शॅम्पू! वर पुन्हा कौतुकाने फोटो.

दुसरी गोष्ट घरातली. अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांच्या साधारण ५%. बाकी अंडी, अळ्या, कोष सगळं गादीत, सोफ्यात, फरशीच्या फटींत. कोषातली पिसू कित्येक महिने तशीच दबा धरून बसते. त्यामुळे नवी कॉलर घातल्यावरही काही आठवडे पिसवा दिसतात, आणि लोक चिडून कॉलर काढून टाकतात. काढू नका. अंथरूण गरम पाण्यात धुवा, कोपऱ्यांत व्हॅक्यूम फिरवा.

कॉलर अजून चालतेय का, हे घरीच बघता येतं. बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी फिरवा. काळी कणी निघाली तर ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

हो, घरात मांजर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कुत्र्यांच्या काही कॉलरमध्ये परमेथ्रिन असतं, ते मांजरासाठी विषारी आहे.

गुंड्याची जखम भरायला तीन आठवडे लागले. आता रिमाइंडर पाचव्या महिन्याचा आहे आणि रविवारी शॅम्पूऐवजी फणी. आई गावाला गेली नाही. गुंड्या तिच्याच खोलीत झोपतो.